नाताळ आणि जात : एका व्युत्पत्तीचे परीक्षण

आगमनकाळ जवळ आला की गावोगावच्या उपदेशकांकडून प्रवचनांचे मसुदे तपासण्यासाठी आम्हा अध्यापकांकडे येऊ लागतात. अशा मसुद्यांपैकी एकाविषयी येथे थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे. तो बेळगावकडील एका खेड्यात काम करणाऱ्या तरुण धर्मशिक्षकाने पाठविला होता. त्याचे नावगाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मसुदा मात्र चर्चेस योग्य आहे, कारण त्यातील विचार ऐकीव नव्हता आणि त्याच्या मागची वेदना खरी होती.

मसुद्याचा सारांश असा : 'नाताळ' आणि 'जात' हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. दोहोंचा मूळ अर्थ 'जन्म' हाच आहे. प्रभूच्या जन्माने माणसामाणसांतील जन्मभेद गिळून टाकला, ही गोष्ट आपल्या भाषेनेच आपणांस आधी सांगून ठेविली आहे. म्हणून जो नाताळ पाळतो त्याने जातही पाळावी हा शब्दाचाच द्रोह होय. पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते, की त्याच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी सर्वजण एका रांगेत येतात, पण सोयरिकीची गोष्ट निघाली की मुलाचा आजा कोणत्या वाड्यातून आला ह्याची चौकशी सुरू होते. व्युत्पत्ती बरोबर असेल तरच हे प्रवचन करीन, नाहीतर टाकून देईन, असेही त्याने कळविले होते.

ह्या शेवटच्या वाक्यात दोन प्रश्न एकत्र गुंफले गेले आहेत. व्युत्पत्ती बरोबर आहे काय, हा पहिला. ती बरोबर असली तर तिच्यावर प्रवचन उभे राहू शकते काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचे आपोआप मिळते, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. प्रस्तुत परीक्षणाचा रोख ह्या समजुतीवर आहे.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. 'नाताळ' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. गोवे १५१० साली त्यांच्या हाती गेले आणि वसईचा प्रदेश १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होता. ह्या दोन दारांतून पाद्री, पाव, क्रूस, इगर्जी, इस्पितळ असे कितीतरी शब्द आपल्या घरात आले आणि इथलेच होऊन राहिले. ह्या देवघेवीचा पद्धतशीर शोध प्रथम घेतला तो गोव्याच्याच एका धर्मगुरूने. सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो ह्यांचा आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरील ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याचे सोआरिसकृत इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिराने छापले. आपल्या वाचकांपैकी जे वडोदऱ्यास असतील त्यांना ह्या शब्दाचे दुसरे रूपही रोज कानी पडत असेल. गुजरातीत 'नाताल' म्हणतात, मराठीत व कोंकणीत 'नाताळ'. पोर्तुगीज 'नाताल' ह्यातील अंत्य 'ल' जिभेचे मूळ मागे ओढून उच्चारला जातो, आणि मराठी कानाने तो 'ळ' असा ऐकला. 'इस्पितळ' ह्या शब्दातही तेच घडले. त्यातून मराठीला ही सवय जुनीच आहे : संस्कृत फल, काल, कुल ह्यांचे आपण फळ, काळ, कूळ केले, त्याच वळणावर 'नाताल' चा 'नाताळ' झाला. इंदूर-ग्वाल्हेरकडे मराठी घरांतही शेजाऱ्यांच्या तोंडचा 'बडा दिन' ऐकू येतो, पण त्या शब्दाचे कूळ वेगळे आहे.

हा शब्द पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आणखीही कोठे कोठे उतरला. वास्को द गामा १४९७ च्या नाताळात आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरून जात होता, म्हणून त्या किनाऱ्यास नाताळ हे नाव पडले. गांधीजींनी १८९४ साली जिची स्थापना केली त्या नाताळ इंडियन काँग्रेसमधील 'नाताळ' हाच. ब्राझीलमधील नाताल हे शहर २५ डिसेंबर १५९९ रोजी वसविले गेले, म्हणून त्याचे ते नाव.

पोर्तुगीजांनी हा शब्द लॅटिनकडून वारशाने घेतला. लॅटिनमध्ये 'नातालिस' म्हणजे 'जन्माचा, जन्मासंबंधीचा'. इटालियन 'नाताले', फ्रेंच 'नोएल' आणि वेल्श 'नादोलिग' ही ह्याच घराण्यातील नावे होत. 'नातालिस' हे विशेषण 'नातुस' म्हणजे 'जन्मलेला' ह्या कृदंतापासून बनले. जुन्या लॅटिनमध्ये 'नातुस' चे रूप 'ग्नातुस' असे होते. पुढे आरंभीचा 'ग' गळाला, पण समासात तो टिकून राहिला : 'कोग्नातुस' म्हणजे 'एका जन्माचा, नात्यातला'. भाषाशास्त्रात एका कुळातील शब्दांना इंग्रजीत जी संज्ञा आहे ती ह्याच 'कोग्नातुस' वरून आली, आणि मराठीत आपण तिला 'सजातीय शब्द' म्हणतो. म्हणजे प्रतिशब्द घडवितानाही आपण नकळत त्याच धातूकडे गेलो.

आता संस्कृतकडे वळू. येथे मसुद्यात एक दुरुस्ती करणे भाग आहे. लेखकाने 'नाताळ' हा शब्द संस्कृत 'जात' पासून 'निघाला' असे लिहिले होते. तसे नाही. लॅटिन ही संस्कृतची कन्या नव्हे. सर विल्यम जोन्स ह्यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यास सांगितल्याप्रमाणे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ह्या कोणा एका लुप्त मातेच्या मुली असाव्यात, आणि पुढील दोन शतकांच्या अभ्यासाने ते अनुमान पक्के केले. तेव्हा 'जात' आणि 'नातुस' ह्या बहिणी होत. आई कोणत्याही पोथीत सापडत नाही, ती लेकींच्या चेहऱ्यावरून ओळखावी लागते.

ओळखण्याची रीत मात्र काटेकोर आहे. नुसता ध्वनीचा भास चालत नाही, नियमित जोड्या दाखवाव्या लागतात. संस्कृतात जेथे 'ज' तेथे ग्रीक-लॅटिनमध्ये 'ग' आणि इराणी भाषांत 'झ' अशी जोडी अनेक शब्दांत आढळते. गुडघ्यास संस्कृतात 'जानु', लॅटिनमध्ये 'गेनु', ग्रीकमध्ये 'गोनु', फारसीत 'झानू'. त्याचप्रमाणे संस्कृत 'जनितृ', ग्रीक 'गेनेतोर', लॅटिन 'गेनितोर', तिन्हींचा अर्थ जन्म देणारा. 'जात' ह्यातील दीर्घ आकार हाही एक पुरावा आहे. हन् पासून हत, मन् पासून मत, मग जन् पासून 'जत' का होत नाही? पाणिनीला हा अपवाद ठाऊक होता. जन्, सन् आणि खन् ह्या तीन धातूंसाठी त्याने स्वतंत्र सूत्र केले. त्याने नियम नोंदविला, कारण मात्र फार पुढे कळले. १८७९ च्या आपल्या प्रबंधात सोस्यूर ह्यांनी तर्क केला, की अशा धातूंच्या अंती पूर्वी एक ध्वनी असला पाहिजे, जो स्वतः लोपला पण जाताना शेजारचा स्वर दीर्घ करून गेला. पुढे १९१५ मध्ये उलगडलेल्या हित्ती भाषेच्या इष्टिकालेखांत तशा ध्वनीचा अवशेष मिळाला, आणि ही गोष्ट १९२७ मध्ये कुरिलोविच ह्यांनी दाखवून दिली. 'जात' मधील 'आ' आणि 'नातुस' मधील 'आ' हे दोन्ही त्या एकाच हरपलेल्या ध्वनीचे स्मारक आहेत. 'जाति' ह्याचाही जोडीदार लॅटिनमध्ये 'नातिओ' ह्या रूपाने आहे.

म्हणजे धर्मशिक्षकाची व्युत्पत्ती, एक दुरुस्ती वगळता, बरोबर ठरते. 'नाताळ' आणि 'जात' ह्यांचे मूळ एक. मसुदा हाती घेताना मला ह्याची खात्री नव्हती. उपदेशकांच्या बहुतेक व्युत्पत्त्या पहिल्या परीक्षेतच कोसळतात, ही कोसळली नाही, ह्याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. परंतु येथूनच खरी अडचण सुरू होते.

धातू एक असला म्हणून अर्थ एक होत नाही. ह्याच धातूची आपल्या बोलण्यातील इतर लेकरे पाहा. फारसी 'झादा' म्हणजे 'जन्मलेला', त्यापासून आपला 'शहाजादा' आणि आपलीच शिवी 'हरामजादा'. लॅटिन 'नातुस' पासून इंग्रजी वाटेने 'नेशन' आणि 'नेटिव्ह'. 'नेटिव्ह ख्रिस्ती' हे बिरुद आपल्या पूर्वजांना गोऱ्या मिशनऱ्यांच्या पंक्तीपासून दूर ठेवण्यासाठी कसे वापरले जाई, हे जुन्या मिशनांच्या कागदपत्रांत दिसते. 'जनरल' आणि 'इंजिन' हेही ह्याच कुळातले. शहाजादा, हरामजादा, नेटिव्ह, इंजिन आणि नाताळ ह्या सर्वांतून एकच ईश्वरविज्ञान काढावयाचे म्हटले तर ते कोणते निघेल?

ह्याहून गंभीर गोष्ट अशी, की हा युक्तिवाद उलट्या बाजूनेही तितकाच चालतो. जातीचा अभिमान बाळगणारा एखादा वडीलधारा उठून म्हणेल, "नाताळ आणि जात एकच ना? मग प्रभूने जन्म घेऊन जन्मालाच मान दिला. चांगल्या कुळाची सोयरीक पाहण्यात आमचे काय चुकले?" व्युत्पत्तीच्या दरबारात त्याला उत्तर नाही. जी साक्ष दोन्ही पक्षांना सारखीच उपयोगी पडते तिच्यावर न्याय करता येत नाही.

इतिहासाची साक्षही येथे कठोर आहे. ज्या गलबतांनी 'नाताळ' हा शब्द आमच्या किनाऱ्यावर आणला, त्यांनीच येथील समाजाला लावण्यासाठी 'कास्ता' हा आपला शब्दही आणला. आज सर्व युरोपात जातिसंस्थेस जे नाव आहे ते ह्याच पोर्तुगीज शब्दावरून पडले. गोव्यात बाप्तिस्मा झाला, नाताळचे दिवे लागले, आणि तरीही धर्मबंधूंच्या मंडळांचे, म्हणजे कॉन्फ्रारियांचे, सदस्यत्व शतकानुशतके जात पाहून दिले गेले. नाताळ आला म्हणून जात गेली नाही. शब्दातच सामर्थ्य असते तर चारशे वर्षे पुरेशी होती.

येथे जेम्स बार ह्या स्कॉटिश पंडिताची आठवण करणे उचित होईल. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या, बायबलच्या भाषेच्या अर्थविचारावरील आपल्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले, की शब्दाचा इतिहास आणि शब्दाचा अर्थ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९३३ पासून जर्मनीत निघू लागलेल्या किटेल ह्यांच्या नामांकित शब्दकोशावरही त्यांनी ह्या दृष्टीने टीका केली. आमच्या व्यासपीठांवर 'एक्लेसिया' ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'जगातून बाहेर बोलावलेले लोक' असा फोड करून सांगितला जातो. परंतु प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिसच्या नाट्यगृहात गोंधळ घालणाऱ्या जमावालाही हाच शब्द लाविला आहे. तो जमाव कोणी कशातून बाहेर बोलाविला होता?

'नातालिस' ह्या शब्दाचेच पाहा. इ. स. ३५४ च्या रोमन पंचांगसंग्रहात २५ डिसेंबर हा ख्रिस्ताच्या जन्माचा दिवस म्हणून नोंदलेला आहे. त्याच संग्रहात २२ फेब्रुवारीला पेत्राच्या आसनाचा 'नातालिस' आहे. आसनाला जन्म कोठून असणार? तेथे त्या शब्दाचा अर्थ केवळ 'वार्षिक सण' असा झाला आहे. त्याहून विलक्षण म्हणजे प्राचीन मंडळीने हुतात्म्यांच्या मरणदिनाला 'जन्मदिवस' म्हटले. दुसऱ्या शतकात स्मुर्णा येथे पॉलिकार्पचा वध झाला, त्याच्या हौतात्म्याच्या वृत्तान्तातच ही कल्पना ग्रीक शब्दांत येते. ज्या शब्दाचे मूळ 'जन्म' त्याचा वापर 'मृत्यू' साठी! धातूला विचारले तर तो ह्या वापरास चूक म्हणेल. पण विश्वासणाऱ्यांनी धातूला विचारले नव्हते. त्यांनी पुनरुत्थानाकडे पाहून तो शब्द वापरला, आणि त्या वापरानेच त्याला नवा अर्थ दिला.

ह्या प्रश्नाचा सर्वांत मोठा कस मात्र निकाईत लागला. त्या परिषदेस २०२५ साली सतराशे वर्षे पूर्ण झाली. आरियसच्या वादात ग्रीकमधील दोन शब्द केंद्रस्थानी होते : एक 'गेनेतोस', म्हणजे अस्तित्वात आलेला, घडलेला, दुसरा 'गेन्नेतोस', म्हणजे जनित. दोहोंत एका 'न' चा फरक. उच्चार जवळजवळ सारखा, हस्तलिखितांत एकाच्या जागी दुसरा सहज पडे. आणि मूळ? दोहोंचे मूळ तेच, ज्यातून आपले 'जन्' आले. पुत्र जनित आहे हे सर्वांना मान्य होते. आरियसपक्षाचे म्हणणे असे, की जो जनित तो अस्तित्वात आलेला, आणि जो अस्तित्वात आला तो निर्मित. धातूच्या एकतेवर निर्णय द्यावयाचा असता तर हे म्हणणे खोडून काढणे कठीण होते. परिषदेने ३२५ साली पुत्र जनित आहे, निर्मित नाही, असे ठरविताना एकाच मुळाच्या दोन फांद्यांमध्ये रेघ ओढली. आणि ती रेघ शुभवर्तमान पुत्राविषयी काय सांगते ह्यावरून ओढली. आपण दर रविवारी जी श्रद्धा मोठ्याने म्हणतो ती, ह्या अर्थाने, व्युत्पत्तीच्या मोहाला दिलेले उत्तर आहे.

आपल्या देशात हा मोह टाळण्याचे आणखी एक कारण आहे. 'ख्रिस्त' म्हणजे 'कृष्ण' आणि 'येशू' म्हणजे 'ईश', असे व्याख्यानांतून व पुस्तकांतून वारंवार सांगितले जाते. आपले काही बंधूही, शेजाऱ्यांना जवळ आणण्याच्या सद्हेतूने, त्यास मान डोलवितात. ही मते टिकत नाहीत. 'ख्रिस्त' हे ग्रीक विशेषण 'अभिषिक्त' ह्या अर्थाच्या हिब्रू 'मशीह' चे भाषांतर आहे. 'कृष्ण' म्हणजे काळा, सावळा. ग्रीक 'ख' च्या जागी संस्कृतात 'क' येत नाही, 'घ' किंवा 'ह' येतो, जसे ग्रीक 'खेइमोन' आणि आपला 'हेमंत'. 'येशू' हे हिब्रू नाव असून त्याचा संबंध परमेश्वराच्या तारणाशी आहे. 'ईश' हे 'सत्ता चालविणे' ह्या अर्थाच्या संस्कृत धातूचे रूप आहे, आणि हिब्रू व संस्कृत ही कुळेच निराळी. पण ज्या उपदेशकाने आदल्या रविवारी आपल्या सोयीच्या व्युत्पत्तीवरून सिद्धान्त काढला, त्याला दुसऱ्या रविवारी ह्या व्युत्पत्त्या नाकारण्याचा नैतिक अधिकार राहत नाही. वजने दोन ठेवणाऱ्या व्यापाऱ्यासंबंधी नीतिसूत्रांत काय म्हटले आहे ते आपणांस ठाऊक आहे.

हे सर्व लिहीत असता मीही एका मोहात सापडलो, तो कबूल केला पाहिजे. 'जात' हा शब्द मराठीत तोंडातोंडी चालत आला असता तर त्यातील 'त' टिकला नसता. वेलीचे 'जाती' हे नाव 'जाई' झाले तसे काही घडले असते. 'त' शाबूत आहे, अर्थी हा शब्द संस्कृत पोथ्यांच्या मार्गाने आला. मग संस्कृत कृदंत 'जात' चा खरा मुखपरंपरेचा वारस मराठीत कोणता? तो आहे 'झाला'. जुन्या मराठीतील 'जाला' आणि कोंकणीतील 'जालो' ही रूपे त्याची साक्ष देतात. आणि योहानाच्या पहिल्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात, जेथे शब्दाच्या देहधारणेची गोष्ट येते, तेथे मराठी शास्त्रात क्रियापद आहे 'झाला', आणि ग्रीकमध्ये 'एगेनेतो'. दोन्ही ह्याच एका धातूची! हे लक्षात आले तेव्हा मी लेखणी खाली ठेवून काही वेळ स्वस्थ बसलो. असे वाटले, की धर्मशिक्षकाला जे सापडले त्याहून सुंदर रत्न मला सापडले.

परंतु त्याच अध्यायातील तिसरे वचन वाचा. सर्व वस्तू त्याच्या द्वारे 'झाल्या', तेथेही तेच ग्रीक क्रियापद आहे. सहावे वचन वाचा. बाप्तिस्मा करणारा योहान प्रकट 'झाला', तेथेही तेच. मग त्या क्रियापदात देहधारणेचे रहस्य कसे असेल? ते रहस्य वचनांच्या रचनेत आहे. पहिल्या वचनात शब्दाविषयी योहान 'झाला' म्हणत नाही, 'होता' म्हणतो, आणि तेही पुनःपुन्हा. जग झाले, माणूस आला, पण शब्द होता. आणि मग चौदाव्या वचनात जो नेहमीच होता त्याच्याविषयी प्रथमच 'झाला' म्हटले जाते. विरोधाचा हा आघात कोणत्याही भाषेत, कोणत्याही धातूने पोहोचविता येतो. तामीळमध्ये येतो, तेलुगूत येतो, जेथे जन् धातूचा वारसाच नाही. शुभवर्तमान एका भाषाकुळाची मिरास नसल्याची ही खूण आहे.

तर मग त्या धर्मशिक्षकाने प्रवचन टाकून द्यावे काय? मुळीच नाही. त्याला जे सांगावयाचे होते ते खरे आहे, फक्त त्याने भार चुकीच्या खांबावर टाकला होता. खांब जवळच होता. योहानाच्या त्याच अध्यायातील तेराव्या वचनात देवाच्या मुलांचा जन्म रक्त, देहवासना आणि पुरुषाची इच्छा ह्यांपासून नव्हे, असे तिहेरी नकाराने सांगितले आहे. जातिसंस्था दुसऱ्या कशावर उभी आहे? निकदेमाशी झालेल्या संवादात, इस्राएलाचा शिक्षक म्हणून ज्याला आपल्या कुळाची खात्री होती त्यालाच पुन्हा जन्मावयास सांगितले आहे. मत्तयाने पहिल्याच पानावर प्रभूची वंशावळ दिली आहे, आणि कुळाचा अभिमान मिरविण्यासाठी लिहिलेल्या वंशावळीत ज्यांची नावे कोणी घातली नसती अशा तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी ह्यांना तिच्यात स्थान दिले आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाचे अठ्ठाविसावे वचन तर सर्वांस पाठ आहे. ह्या वचनांना उलट बाजूने वापरता येत नाही. वर ज्या वडीलधाऱ्याची कल्पना केली त्याला येथे उत्तर द्यावेच लागेल. आणि ते त्याला सोयरिकीच्या बैठकीत द्यावे लागेल.

शब्दांचे मूळ शोधण्याचा अभ्यास निरुपयोगी आहे, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी करू नये. जुन्या करारात एकदाच येणाऱ्या हिब्रू शब्दांचा अर्थ शेजारच्या सेमिटिक भाषांवाचून लागत नाही. आपले धार्मिक शब्द कोणाच्या हातून, कोणत्या राज्यात, कोणत्या बऱ्यावाईट सोबतीने आले हे कळणे मंडळीच्या आत्मपरीक्षणास आवश्यक आहे; 'नाताळ' आणि 'कास्ता' एका गलबतातून आले हे कळले म्हणजे मान आपोआप खाली जाते. आणि शब्दांच्या नात्यांत एक निर्मळ आनंदही आहे, तो उपदेशकाने अवश्य घ्यावा व वाटावा. मात्र तो पंक्तीतील लोणच्याप्रमाणे वाढावा. पोळी वचनाचीच असली पाहिजे.

मसुदा परत पाठविताना मी एवढेच लिहिले, की व्युत्पत्ती बरोबर आहे, ती एका वाक्यात सांगावी, 'निघाला' ह्या जागी 'बहीण' लिहावे, आणि उरलेला वेळ योहानाच्या तेराव्या वचनाला द्यावा. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आरंभीच अनंत वंशावळ्यांच्या नादी न लागण्याविषयी इशारा आहे. शब्दांच्या वंशावळ्यांनाही तो लागू आहे, आणि माणसांच्या वंशावळ्यांना अधिकच. ज्या मंडळीत मुलाच्या आजाचा वाडा विचारला जातो तिला 'जात' शब्दाचा आजा कोण हे सांगून भागणार नाही. तुमचा पिता कोण, हे तिला विचारले पाहिजे, आणि उत्तर मिळेपर्यंत व्यासपीठावरून उतरू नये.